‘सी.पी. आहे ना, मग दुखणारच’ हे निदान नव्हे

सेरेब्रल पाल्सीत (सी.पी.त) मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडतात, पण ती इजा वाढत नाही. ती गर्भात, बाळंतपणाच्या वेळी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत होते आणि तिथेच थांबते. लहानपणी प्रत्येक पालकाला हे सांगितलेलं असतं आणि ते खरंही आहे. पुढचं मात्र सांगायचं राहून जातं. त्या इजेसकट तीस वर्षं चाललेले गुडघे, एका बाजूला कलून बसलेला कणा, सगळी कामं एकट्याने ओढलेला ‘चांगला’ हात, हे सगळं झिजतं. म्हणून पंचविशी-तिशीत दुखणं सुरू होतं, अंग गळून जातं, मन उतरतं. आणि ओपीडीत उत्तर मिळतं, “सी.पी. आहे ना, मग दुखणारच.”

हे उत्तर घेऊन घरी येऊ नये, एवढंच सांगण्यासाठी हा लेख. दुखतं ते कुठल्या तरी ठरावीक सांध्यात, स्नायूत किंवा नसेत. त्याला स्वतःचं नाव असतं आणि बहुतेक वेळा उपायही. सी.पी. असलेल्या प्रौढांत दहातल्या सहा-सात जणांना दुखणं असतं, असं वेगवेगळ्या देशांतले अभ्यास सांगतात. चालू शकणाऱ्यांपैकी निदान चौथ्या हिश्श्याची चाल प्रौढ वयात बिघडते. म्हणजे हे अपवादाने होतं असं नाही, तरी आपल्याकडे त्यासाठी ठरलेला दवाखाना सहसा सापडत नाही. आपल्याकडची रचनाच मुलांसाठी उभी राहिली. मुंबईत १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली आणि तिथून विशेष शाळा, थेरपी यांची वाट पडली. २०१३ पासूनचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही १८ वर्षांपर्यंतच आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याच माणसाने जायचं कुठे? बालरोगतज्ज्ञ म्हणतात आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि मोठ्यांच्या डॉक्टरांनी सी.पी. पाहिलेली असते ती पुस्तकात.

दुखणं नेमकं कुठून येतं

दोन्ही पायांत ताठरपणा असलेल्या, चालणाऱ्या माणसापासून सुरुवात करू. लहानपणी तो टाचा उचलून चालत असतो. वयात येताना उंची आणि वजन वाढतं, स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत, आणि चाल बदलते: टाच टेकते पण गुडघे वाकलेलेच राहतात. तुम्ही नीट उभे राहता तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूला फारसं काम नसतं. गुडघा वीस-तीस अंशांत वाकलेला असेल तर हाच स्नायू प्रत्येक क्षणी शरीर तोलून धरतो. त्याच्या ओढीने गुडघ्याची वाटी वर सरकते, तिच्यामागे दाब वाढतो आणि वाटीच्या आसपास कळ येते. खुर्चीतून उठताना आणि जिना उतरताना ती जास्त जाणवते. लहानपणी टाचेची शीर शस्त्रक्रियेने गरजेपेक्षा जास्त लांब केली गेली असेल, तर पोटरीचा आधार जातो आणि गुडघे आणखी वाकतात. म्हणून मोठेपणी कुणी पुन्हा फक्त टाचेचीच शस्त्रक्रिया सुचवली, तर संपूर्ण चालीचा अभ्यास झाल्याशिवाय होकार देऊ नका.

घरच्या घरी एक गोष्ट करता येते. मोबाइल कमरेच्या उंचीवर धरून कुणाला तरी बाजूने तुमच्या दहा पावलांचा व्हिडिओ काढायला सांगा, मग समोरून. चप्पल-बूट नेहमीचेच, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. दर सहा महिन्यांनी तोच कोपरा, तीच फरशी. गुडघा आधीपेक्षा जास्त वाकतोय का, पाय फरशीला घासतोय का, हे त्यात उघड दिसतं, आणि डॉक्टरांसमोर “वाढलंय हो” म्हणण्यापेक्षा हे कितीतरी वजनदार ठरतं.

या गुडघ्याला काय चालत नाही ते आधी. मेडिकलमधून आणलेली नी-कॅप चालत नाही, कारण ती गुडघा सरळ धरत नाही. “रोज एक तास चाला” हा सल्ला तर उलटा पडतो. लागू पडतं ते नडगीच्या पुढून आधार देणारं स्प्लिंट (पाऊल टेकल्यावर ते गुडघ्याला मागे ढकलतं), कुल्ल्याचे आणि पोटरीचे स्नायू मजबूत करणं, आणि लांबच्या अंतराला काठी किंवा कुबडी. मात्र गुडघा हाताने सरळ करूनही सरळ होत नसेल, म्हणजे सांधाच आखडला असेल, तर हे स्प्लिंट उपयोगाचं नाही.

स्प्लिंटवरून आठवलं. पंधराव्या वर्षी केलेलं एएफओ (घोटा आणि पाऊल धरणारं प्लॅस्टिकचं स्प्लिंट) पस्तिशीत वापरणारी माणसं सर्रास भेटतात. काढल्यावर कातडीवर लाल वण दिसतो तो वीस-तीस मिनिटांत गेला तर हरकत नाही. त्यानंतरही राहिला, किंवा घोट्याच्या हाडावर कातडी जाड झाली, कुरूप आलं, तर ते दाबतंय. प्लॅस्टिक त्या जागी गरम करून बाहेर फुगवून घेता येतं, नवीनच करावं लागतं असं नाही. आत शिवण नसलेला सुती मोजा घाला, आणि तो स्प्लिंटच्या वरच्या काठाच्या वर यायला हवा. आपल्या उकाड्यात घामाने भिजलेला मोजा दुपारी बदलला तर पुष्कळ त्रास वाचतो.

खुब्याचं दुखणं फसवं असतं, कारण ते अनेकदा गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचा एक्स-रे ठीक आला आणि जांघेत कळ आहे, आंघोळीच्या वेळी मांड्या पूर्वीइतक्या फाकत नाहीत, मांडी घालून बसणं बंद झालंय, तर ओटीपोटाच्या हाडाचा समोरून एक्स-रे मागा. सी.पी.त खुब्याचा गोळा वाटीतून हळूहळू बाहेर सरकलेला असू शकतो आणि तिशीतच तिथे सांधेझीज सुरू झालेली असते. व्हीलचेअरवर असलेल्यांना हे जास्त होतं. त्यांचं एक कुल्ला वर, एक खाली असं बसणंही पाहावं लागतं, कारण कण्याचा बाक मोठा असेल तर तो प्रौढपणीही वाढत राहतो.

बसण्याचं पाहायचं म्हणजे मोजायचं. कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या खळगीपर्यंतचं अंतर घ्या, त्यातून तीन-चार सेंटिमीटर वजा करा. सीटची खोली एवढीच हवी. खोली जास्त झाली की माणूस पुढे घसरतो, पाठीला पोक येतो आणि मान वर उचलून धरावी लागते. संध्याकाळची मानदुखी पुष्कळदा तिथूनच येते. तळवे पूर्ण टेकलेले हवेत. टेकत नसतील तर खाली लाकडी पाट ठेवा. घरोघरी असलेली प्लॅस्टिकची खुर्ची मागे कललेली, गुळगुळीत आणि मधे खोलगट असते. ताठ पायांच्या माणसासाठी इतकी वाईट खुर्ची मुद्दाम बनवायची म्हटली तरी बनायची नाही.

अर्धांगाचा प्रकार असलेल्यांकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, कारण ते ‘बरे’ असतात. त्यांचं दुखणं बहुधा चांगल्या बाजूला असतं. कपडे पिळणं, बॅग, मोबाइल, गर्दीत दांडा धरणं, सगळं एकाच हाताने. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटात नस दाबली जातेय. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री सहा आठवडे बांधून पाहावी आणि नस तपासून घ्यावी. कुबड्यांवर चालणाऱ्यांनाही हेच होतं. तो हात गेला तर स्वावलंबन गेलं, म्हणून इथे वाट पाहायची नसते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांच्या हालचाली अनावर असतात, मान सतत वळते किंवा झटके घेते, त्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज फार लवकर होते आणि मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. आपल्याकडे नवजात काविळीमुळे या प्रकारची सी.पी. झालेले प्रौढ बरेच आहेत. घास धरता येत होता तो आता सुटतो, बटण लागत होतं ते लागत नाही, पाय अचानक जास्त ताठ झाले, हातांत बधिरपणा आहे, लघवी रोखता येत नाही किंवा होत नाही: यातलं काहीही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत नव्याने आलं असेल, तर मानेचा एमआरआय व्हायलाच हवा आणि मणक्याच्या किंवा मेंदूच्या सर्जनने पाहायला हवं. “सी.पी. वाढली” असं होत नाही. कुणी तसं म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. गेलेली ताकद उशीर झाल्यावर परत येईलच याची खात्री नसते. मान अशी असताना मसाज करणाऱ्याकडून ‘मान मोडून’ घेणं तर अजिबात नाही.

ताठरपणा अचानक वाढला तर आधी पोट आणि नखं बघा

ताठरपणा म्हणजे शरीराचा भोंगा आहे; खाली कुठेही काही बिघडलं की तो वाजतो, जिथे बिघडलं तिथे काही जाणवो वा न जाणवो. आठ-दहा दिवसांत पाय एकदम घट्ट झाले, रात्री गोळे यायला लागले, तर गोळी वाढवण्याआधी क्रमाने पाहायचं. पोट साफ होतंय का? तीन दिवसांत झालं नसेल तर तेच कारण धरून चाला. थोडं थोडं पातळ होत असेल तर आत खडा अडकून बाजूने पाणी येत असण्याचीही शक्यता असते. लघवीला जळजळ, वास, ताप? पायाच्या अंगठ्याचं नख कातडीत घुसलंय? कुल्ल्यावर, टाचेवर फोड किंवा जखम? दाढ किडली आहे? बूट तंग झालाय? पाळीचे दिवस जवळ आलेत? पाळीआधी आठवडाभर ताठरपणा वाढतो हे अनेक मुली स्वतः सांगतात आणि डॉक्टर ते लिहूनही घेत नाहीत.

यामागे एक घरगुती कारण वारंवार सापडतं: पाणी कमी पिणं. बाहेर वापरण्यासारखा संडास नाही, कमोड नाही, धरायला दांडा नाही, दुसऱ्याला सांगावं लागतं; म्हणून माणूस सकाळपासून दोन कप चहावर राहतो. मग मलावरोध, लघवीचा संसर्ग, ताठरपणा, दुखणं, असं सगळं ओळीने येतं. बसलेल्या जागी ‘पाणी प्या’ म्हणून उपयोग नाही. घरच्या संडासात कमोड, उजव्या-डाव्या बाजूला दांडा आणि पायाखाली छोटा पाट, आणि ऑफिसात कुठला संडास चालेल हे आधी पाहून ठेवणं, हा त्यावरचा उपाय.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या घरच्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. कपडे बदलताना ओरडणं, एका बाजूवर झोपायला नकार, जेवण टाकणं, हे दुखण्याचं बोलणं असू शकतं. वापर नसलेली हाडं ठिसूळ होतात आणि फिट्सच्या काही जुन्या औषधांनी (फेनिटोइन, फेनोबार्बिटोन) आणखीच. कपडे चढवताना पाय पिळला तरी मांडीचं हाड मोडू शकतं. सूज किंवा नवं रडणं दिसलं की एक्स-रे. शरीराचं चित्र काढून एकेका भागावर बोट ठेवत ‘इथे?’ विचारलं, उत्तर डोळ्यांनी किंवा मानेने घेतलं, तर बरीच माणसं नेमकी जागा दाखवतात. उचलताना काखेत हात घालून ओढू नका, खांदा उतरतो. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधून तो धरा, आणि पन्नाशी उलटलेल्या आईने एकटीने तर नकोच.

गोळ्यांचं

बॅक्लोफेन बहुतेकांच्या फाइलमध्ये असतं. सुरुवात साधारण ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, मग काही दिवसांच्या अंतराने हळूहळू वाढ. ताठरपणा कमी होतो, पण झोप येते, अशक्तपणा वाटतो, आणि जे ताठ पायांच्या जोरावरच उभे राहतात त्यांचे पाय लटपटतात. म्हणून डोस ठरवताना ‘किती सैल झालं’ याबरोबर ‘उभं राहता येतं का’ हेही सांगा. हे औषध एकदम बंद करायचं नाही. एकदम बंद केल्याने भास होणं, फिट येणं, ताप आणि जबरदस्त ताठरपणा असे प्रकार होतात. छोट्या गावात ते दुकानात नसतं, कोकणात जुलैमध्ये रस्ता बंद पडतो. निदान पंधरा दिवसांचा साठा घरात हवा. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असताना फार गुंगी आली तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा.

टिझानिडिन (ताठरपणावरचंच दुसरं औषध) चालू असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घ्यायचं नाही. हे ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर लावावं असं आहे, कारण जुलाब झाले की केमिस्ट पहिलं तेच काढून देतो. दोन्ही एकत्र आली की रक्तातलं टिझानिडिन अनेक पटींनी वाढतं, रक्तदाब कोसळतो, माणूस गुंगीत जातो. लिव्हरची तपासणीही अधूनमधून करावी लागते.

ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी फिटचा धोका वाढवते, आणि सी.पी. असलेल्या चारांतल्या एकाला तरी फिट्स असतात. नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबरही ती जमत नाही. फिट्स असतील तर हाडांच्या डॉक्टरांना केसपेपरवर आधी तेच मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा. दुकानातल्या ‘कंबरदुखीच्या’ एका गोळीत बहुधा डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅक, त्यात पॅरासिटामॉल आणि वर स्नायू सैल करणारं तिसरं औषध असतं. वर तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की ती दुप्पट होते. ४० किलो वजनाच्या माणसाने दिवसाला २ ग्रॅमच्या आसपास थांबावं. पाकिटावरचा हिशोब धडधाकट वजनाचा असतो. डायक्लोफेनॅकची जात रोज महिनोन्‌महिने घेणं पोटाला आणि मूत्रपिंडाला परवडत नाही.

बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं मोठ्यांनाही देतात. गुण काही दिवसांत ते दोन आठवड्यांत दिसतो आणि साधारण तीन महिने टिकतो. ती चालतात ताठ स्नायूच्या दुखण्यावर. सांधा झिजला असेल तर पैसे वाया. हा फरक आधी विचारून घ्या, कारण इंजेक्शन महाग आहे.

ताणण्याच्या व्यायामाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. आखडलेला सांधा रोजच्या ताणण्याने लांबतो, याला अभ्यासांचा आधार जवळजवळ नाही. ताणून बरं वाटतं, गोळे कमी येतात, तेवढ्यासाठी जरूर करा. पण तासभर आई पाय ओढत बसलीय आणि ताकदीचे व्यायाम शून्य, हे गणित चुकलेलं आहे. ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, सहा ते पंधरा वेळा करता येईल एवढं वजन, एक ते तीन फेऱ्या. खुर्चीतून उठणं-बसणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, रबरी पट्टा ओढणं. दुसऱ्या दिवशी स्नायू आंबले तर ठीक. सांधा सुजला किंवा दोन दिवसांनीही कळ राहिली तर वजन कमी करायचं, व्यायाम बंद करायचा नाही.

थकवा

सी.पी.तल्या चालीला तेवढ्याच अंतरासाठी इतरांच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त शक्ती लागू शकते. बोलायला जोर लागतो, बसून तोल सांभाळायला जोर लागतो. एसटीची उंच पायरी चढून, तासभर धक्के खात ऑफिसला पोचलेला माणूस काम सुरू व्हायच्या आधीच अर्धा संपलेला असतो, आणि साहेबाला वाटतं आळशी आहे.

आधी तपासण्या: हिमोग्लोबिन, बी-१२, ‘ड’ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं आपल्याकडे रोजचं आहे आणि त्याने थकवाही येतो, मुंग्याही येतात, उदासीही येते. रात्री मोठ्याने घोरणं, मधेच श्वास अडकणं, सकाळी डोकं जड, असं असेल तर झोपेतला श्वास तपासावा लागतो. बॅक्लोफेन, टिझानिडिन, डायझेपाम, फिट्सची औषधं, ही सगळी गुंगी आणतात. सकाळचा डोस थोडा रात्रीकडे सरकवता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे.

हे सगळं ठीक असूनही थकवा राहतो तो बहुधा एका सवयीमुळे. बऱ्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची, मग दोन दिवस आडवं पडायचं. एक आठवडा वही ठेवा: वेळ, काय केलं, थकवा ० ते १० मध्ये किती. वाचताना लक्षात ठेवा, थकव्याचं कारण त्याच दिवशी सापडत नाही, आदल्या किंवा त्याआधीच्या दिवशी सापडतं. मग हिशोब असा. बऱ्या दिवशी वीस मिनिटं चालता येतं आणि वाईट दिवशी आठ, तर मधलं चौदा धरा आणि त्यातूनही थोडं कमी करून अकरा मिनिटांवर रोज थांबा, बरं वाटत असलं तरी. दोन आठवडे ते जमलं की दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवा. विश्रांती थकायच्या आधी घ्यायची, घड्याळ लावून, दहा-पंधरा मिनिटं आडवं होऊन. हातात मोबाइल असेल तर ती विश्रांती धरायची नाही. सलग बसायचं असेल तर दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं अंग हलवा, खुर्चीतल्या खुर्चीत का होईना.

आणि व्हीलचेअर. “चालता येतंय ना, मग खुर्ची कशाला?” हे वाक्य घरचेच म्हणतात. लहानपणी चालण्यासाठी सगळ्यांनी एवढा घाम गाळलेला असतो की मोठेपणी खुर्चीत बसणं म्हणजे हरणं वाटतं. घरात चाला, मॉलमध्ये, स्टेशनवर, लग्नाच्या हॉलमध्ये खुर्ची घ्या. वाचलेली शक्ती लग्नात बोलण्या-हसण्याला वापरता येते. चालणं टिकवायचं असेल तर ते जपून खर्च करणं भाग आहे.

नोकरीत २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा हाताशी आहे. सेरेब्रल पाल्सी त्यात नावानिशी आहे, आणि सरकारी आस्थापनेने वाजवी सोयी देणं बंधनकारक आहे. खाजगी कंपनीला समान संधीचं धोरण ठेवावं लागतं. अर्जात ‘त्रास होतो’ असं मोघम लिहू नका. गर्दीची वेळ टाळून साडेदहाला येणं, पायांना आधार असलेली खुर्ची, दुपारी पंधरा मिनिटं पाठ टेकायला जागा, आणि घरून काम मिळणार असेल तर बुधवार मागा. शुक्रवार मागितला तर सोमवार ते गुरुवार सलग चार दिवस पडतात आणि गुरुवारी माणूस कोलमडतो.

मन उतरतं तेव्हा

ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बौद्धिक अक्षमता नसलेल्या, सी.पी. असलेल्या प्रौढांना नैराश्य येण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी आणि चिंतेच्या विकाराचा ५० टक्क्यांहून जास्त निघाला. आपल्याकडे कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. धाकट्या भावाचं लग्न झालं, हिचा विषयच निघत नाही. मुलाखतीत जिना चढतानाच निकाल कळतो. आई-वडील थकलेले दिसतात आणि ‘यांच्यानंतर काय’ हे कुणी मोठ्याने बोलत नाही. त्यात जिना चढता येत होता तो आता येत नाही, हे दुःख वेगळंच. आयुष्यभर ‘प्रगती’ मोजलेल्या माणसाला घट कशी सांगायची ते शिकवलेलंच नसतं.

नैराश्य मोजायला नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतात. तिच्यात थकवा, झोप, भूक, मंद हालचाली यांचेही प्रश्न आहेत. सी.पी.त ते गुण नैराश्याशिवायही पडतात, त्यामुळे एकूण बेरीज दोन्हीकडे फसवते: कुणाला उगाच नैराश्य ठरवलं जातं, तर कुणाचं खरं नैराश्य ‘सी.पी.चा थकवा’ म्हणून सोडून दिलं जातं. पहिले दोन प्रश्न जास्त कामाचे: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही असं किती दिवस झालं, आणि उदास, निराश किती दिवस वाटलं. प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तर मानसोपचाराचा विषय काढायचाच. नववा प्रश्न, मरून जावं असं वाटतं का, तो कधीच गाळू नये. उत्तर ‘हो’ असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. बोलणं अस्पष्ट असेल तर शेजारी कुणाला तरी बसवून फोन लावा, आणि जिवाला धोका वाटत असेल तर फोनवर न थांबता जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

औषधांकडेही पाहा. फिट्ससाठी लेव्हेटिरासिटाम किंवा फेनोबार्बिटोन सुरू झाल्यानंतर चिडचिड, रडू, उदासी आली असेल तर तारखा जुळवून न्यूरॉलॉजिस्टना सांगा. गोळी स्वतः बंद करू नका. नैराश्यासाठी सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्राम फिट्स असलेल्यांनाही बहुधा चालतात, ब्युप्रोपिऑन टाळतात. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि पहिले दहा-बारा दिवस मळमळ, बेचैनी वाटते; बरेच जण तिथेच सोडून देतात. समुपदेशन घेताना सत्र पाऊण तासाऐवजी पंचवीस मिनिटांचं आठवड्यातून दोनदा मागा. जोर लावून बोलणाऱ्याचं शेवटच्या वीस मिनिटांत काहीच ऐकू येण्यासारखं राहत नाही. टाइप करून उत्तर देऊ द्या असंही सांगता येतं.

डॉक्टर कुठले? फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजे पी.एम.आर.चे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, काही मेडिकल कॉलेजांतही हा विभाग असतो. खर्चासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना सी.पी.ला लागू आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी न करता, आणि त्यात ओपीडीतल्या थेरपीचाही भाग आहे. ती ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत काढतात.

जाताना एकच कागद न्या. वर सी.पी.चा प्रकार, फिट्स आहेत की नाहीत, झालेल्या शस्त्रक्रिया वर्षांसह. खाली सगळ्या गोळ्या मिलिग्रॅम आणि वेळेसकट, केमिस्टकडून घेतलेल्याही. मग तीन ओळी: सहा महिन्यांपूर्वी काय करता येत होतं, आता काय येत नाही, आणि दुखणं कुठे, केव्हा, दहापैकी किती. मोबाइलमध्ये चालीचा व्हिडिओ काढून ठेवलेला असू द्या. डॉक्टर तुमच्याऐवजी बरोबरच्याशी बोलायला लागले तर बरोबरच्याने फक्त “त्यांनाच विचारा” म्हणायचं. ओपीडीत पाच-सात मिनिटं मिळतात, त्यात दुखणं, थकवा आणि मन तिन्ही बसत नाहीत. यातलं जे सगळ्यात नवीन असेल ते आधी सांगा आणि उरलेल्यासाठी उठायच्या आधी पुढची तारीख घ्या.